भ्यालेल्या मांजराची साखर

दवाखान्यात नेलेल्या मांजराचं रक्त तपासलं आणि साखर २४० निघाली, तरी त्याला मधुमेह झालाच आहे असं समजू नये. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पण टेबलावर दोघांनी दाबून धरलेल्या आणि सुटण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडणाऱ्या मांजराच्या अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून देतं आणि थोड्याच वेळात आकडा दुप्पट होऊ शकतो. अनुभवी डॉक्टर म्हणूनच एवढ्यावर इन्सुलिन सुरू करत नाहीत. ते लघवी तपासतात, कारण रक्तातली साखर साधारण २७० ते २८० च्या पुढे गेल्याशिवाय मांजराची मूत्रपिंडं ती लघवीत जाऊ देत नाहीत, आणि घटकाभर चढलेली साखर तिथे सहसा दिसत नाही. नाहीतर ते फ्रुक्टोसामाइनची तपासणी करून घेतात. तिच्यात मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी कळते, त्या सकाळच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

रक्तदाबाचं तर याहून अवघड आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांच्या शरीरात रक्तदाब मोजणारी छोटी यंत्रं बसवली होती. त्यामुळे मांजर आपल्या जागी स्वस्थ असताना किती आणि तपासणीच्या वेळी किती, हे हात न लावता कळत होतं. तपासणीत वरचा दाब सरासरी १७ ते १८ अंकांनी चढला. पण खरी अडचण सरासरीत नव्हती. एका मांजराचा दाब ७५ अंकांनी वाढला आणि एकाचा उलट घसरला. म्हणजे ‘दवाखान्याचे इतके वजा करा’ असा हिशेबही करता येत नाही. मांजराचा वरचा दाब १६० च्या वर सतत राहिला तर डोळे, मूत्रपिंडं, मेंदू यांना धोका असतो आणि उपचार करावे लागतात. तो १८० भरला, तर औषध द्यायचं की मांजर शांत होण्याची वाट पाहायची? २०११ मध्ये ३० मांजरांची तपासणी घरी आणि रुग्णालयात अशी दोन्हीकडे केली गेली, तेव्हा नाडी, श्वास आणि रक्तदाब या तिन्हींत फरक पडलेला दिसला.

दवाखान्यात फिस्कारणाऱ्या, बोचकारणाऱ्या मांजराकडे मी या आकड्यांमधून पाहते. त्याला ‘रागीट’, ‘माजलेलं’, ‘वाईट सवयीचं’ म्हटलं जातं, त्याच्या केसपेपरवर लाल शाईने सावधानतेचा शेरा मारला जातो, आणि पुढच्या वेळी हातमोजे चढवूनच सगळे त्याच्या जवळ येतात. पण ते भ्यालेलं असतं, आणि भीती ही शरीरात घडणारी, मोजता येणारी गोष्ट आहे. ती कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. ती तशीच राहिली तर आपण आजार मोजतोय की भीती, हेच कळत नाही.

मांजर इतकं का भितं, याचं उत्तर त्याच्या वंशात आहे. २००७ मध्ये ९७९ पाळीव आणि रानमांजरांच्या जनुकांची तुलना झाली आणि जगभरची घरातली मांजरं पश्चिम आशियातल्या फेलिस लायबिका या रानमांजराच्या वंशातली असल्याचं स्पष्ट झालं. हा प्राणी एकटा राहतो, एकटा शिकार करतो. उंदीर-चिचुंद्रीचा तो काळ, पण कोल्ह्या-लांडग्यांच्या, मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या तोंडचा घासही तोच. कळपातला प्राणी जखमी झाला तर निदान कळपासोबत राहतो. एकट्या शिकाऱ्याचा पाय दुखावला की उपासमार ठरलेली. म्हणून मांजर शक्यतो भांडण टाळतं. आधी लपतं, लपता आलं नाही तर पळतं, पळता आलं नाही तर निपचित पडून राहतं. पंजा उगारतं ते यातलं काहीच उरलं नाही म्हणजे. तपासणीच्या टेबलावर यातलं काय उरलेलं असतं? लपायला जागा नाही, पळायला वाट नाही, आणि निपचित पडलं तरी हात मागे हटत नाहीत.

त्यात मांजराचं जग वासाचं. सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला, तुमच्या पोटरीला ते गाल घासतं तेव्हा गालांतल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवून जातं. ही जागा ओळखीची आहे, अशी ती खूण. दवाखान्यात स्पिरिट, फिनेल, कुत्र्यांची लघवी आणि आधी येऊन गेलेल्या घाबरलेल्या मांजरांचा वास, इतकंच असतं. स्वतःचा वास कुठेच नाही. कानांचं म्हणाल, तर माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ८५ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्याला शांत वाटणारी खोलीसुद्धा त्याला शांत वाटेलच असं नाही. रिक्षाचा भोंगा, सिग्नलला शेजारी थांबलेली बस, प्रतीक्षागृहात भुंकणारा लॅब्राडॉर, थंडगार स्टीलचं टेबल: यातली एकेक गोष्ट मांजर कदाचित सोसेल, पण त्या एकावर एक साचत जातात. डॉक्टरांच्या हाती मांजर येतं तेव्हा त्याची सोसण्याची ताकद संपलेली असते. बोचकारा मात्र डॉक्टरांना बसतो.

सगळीच भ्यालेली मांजरं आवाज करत नाहीत, हे मला विशेष सांगावंसं वाटतं. काही अंग आक्रसून, शेपूट पोटाशी घेऊन, कान आडवे पाडून, बाहुल्या काळ्याभोर मोठ्या करून बसतात. ‘किती शहाणं आहे, हूं की चूं केलं नाही,’ असं कौतुक होतं. ते शहाणपण नसतं, भीतीने गोठणं असतं. अशा मांजराला दर खेपेला तसंच तपासलं, तर एखाद्या खेपेला ते अचानक चावतं आणि सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

मानेची कातडी धरून मांजर उचलण्याची पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे आणि दवाखान्यांतही. ‘त्याची आई नाही का असंच उचलत?’ हा त्यामागचा युक्तिवाद. आई पिल्लांना उचलते हे खरं. मान धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन सैल पडतं, म्हणजे आईला ते पटकन सुरक्षित जागी हलवता येतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया पिल्लाच्या वयाची आहे. पाच किलोच्या बोक्याला मानेने लोंबकळवलं तर तो हलत नाही, पण त्याला बरं वाटतंय असा त्याचा अर्थ होत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात यावर नेमके प्रयोग झाले. हलक्या हाताने धरलेल्या मांजरांपेक्षा सगळं अंग दाबून धरलेल्या मांजरांचे कान जास्त पडले, बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या, श्वास वाढला आणि धडपडही जास्त झाली. मान धरण्याचे परिणामही असेच नकारात्मक दिसले. मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये मिळून दिलेल्या सूचनांत मान धरण्याला पाठिंबा नाही.

ही धरून-दाबून तपासण्याची रीत कुठून आली, याचा विचार करताना मला पशुवैद्यकाचा इतिहास आठवतो. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लिओंला पहिलं पशुवैद्यक विद्यालय निघालं तेव्हा गुरांच्या साथी आणि घोडे डोळ्यांसमोर होते. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ चं. त्या काळच्या हिंदुस्थानातही घोडा आणि बैल यांच्यावरच सगळा कारभार चालत होता. मांजर या शास्त्रात फार उशिरा आलं. चार-पाचशे किलोच्या जनावरासाठी घडलेली आवळून बांधण्याची शिस्त चार किलोच्या भित्र्या प्राण्यापर्यंत तशीच पोचली, असं माझं मत आहे.

मग करायचं काय? सुरुवात घरातून, आणि आजारपण येण्याच्या कितीतरी आधी करायची. आपल्याकडे मांजर अजूनही कापडी पिशवीतून, भाजीच्या टोपलीतून, कधी तोंड बांधलेल्या पोत्यातून दवाखान्यात येतं. ज्यांच्याकडे प्रवासाची पेटी असते त्यांचीही ती माळ्यावर असते. वर्षातून एकदा खाली येते, आणि ती दिसली की मांजर पलंगाखाली. त्याच्या लेखी पेटी म्हणजे सुईच. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. २२ मांजरं घेतली, त्यांतल्या निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ छोट्या बैठकांमधून पेटीची सवय लावली. आधी पेटीचा फक्त खालचा भाग आणि खाऊ, मग वरचं झाकण, मग दार, मग दार क्षणभर बंद, मग उचलणं, मग गाडीत. सवय लावलेल्या मांजरांचा गाडीतला ताण कमी होता आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली.

घरी हे जमण्यासारखं आहे. पेटी दिवाणखान्यात एका कोपऱ्यात कायमची ठेवा, आत त्याची नेहमीची गोधडी घाला, रोजचं एखादं खाणं तिथे द्या. काही मांजरं तिसऱ्या दिवशी आत झोपतात, काहींना महिना लागतो. घाई केली की सगळं पहिल्यापासून. पेटी घेताना वरचं झाकण निघणारी घ्या, कारण मग मांजराला बाहेर ओढावंच लागत नाही. झाकण काढलं की ते खालच्या अर्ध्या भागात, आपल्या गोधडीवर बसून राहतं आणि डॉक्टर तिथेच कान, पोट, छाती तपासू शकतात. वरून टॉवेल टाकला तर आणखी चांगलं. लपायला मिळणं ही मांजराची खरी गरज आहे. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. पुठ्ठ्याचं एक खोकं, खर्च काहीच नाही.

रिक्षात पेटी मुठीने लोंबकळत धरू नका. खालून दोन्ही हातांचा आधार देऊन मांडीवर ठेवा आणि वर चादर टाका. निघण्याआधी काही तास पोट भरून खायला नको, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. मधुमेही मांजराचं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. दवाखान्यात कुत्री बसलेली असली तर नंबर लावून बाहेर थांबा. पेटी जमिनीवर ठेवू नका, कुत्र्याचं नाक थेट जाळीला लागतं. आणि ‘शू शू’ करून गप्प करू नका, तो आवाज फिस्कारण्याच्या फार जवळ जातो. त्यापेक्षा त्याच्याकडे पाहून डोळे हळूहळू बारीक करा आणि मिटा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात अशा डोळे मिटण्याला मांजरांनी तसाच प्रतिसाद दिला, आणि अनोळखी माणसानेही तसं केल्यावर ती त्याच्या हाताकडे जास्त आली.

एवढं करूनही काही मांजरांची भीती जात नाही. त्यांच्यासाठी औषध आहे, आणि ते मागायला संकोच वाटू नये. २०१७ मध्ये अमेरिकेत २० मांजरांना भेटीच्या आधी घरी गॅबापेंटिनची एक मात्रा दिली गेली. प्रवासातला आणि तपासणीतला ताण त्यामुळे कमी झाला. मांजर काही तास झोपाळू होतं, थोडं लडखडतं, मग पूर्ववत. याच जातीचं प्रेगाबालिन खास मांजरांच्या प्रवासाच्या भीतीसाठी युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती कमी करावी लागते. घरातली माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवणारं यकृतातलं विकर मांजराकडे जवळजवळ नसतं. लहानशा तुकड्यानेही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ढासळते आणि ते दगावू शकतं.

म्हातारं मांजर नव्यानेच चावायला लागलं असेल तर आधी दुखणं शोधा. २००२ च्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यांतल्या ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज होती. अशा मांजराचे मागचे पाय ताणले की ते चावणारच. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली: कान, डोळे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण. ती शिकायला सोपी आहे आणि घरच्यांनीही शिकावी.

मांजर चावलंच, तर ते हलक्यावर घेऊ नका. दात बारीक असल्याने जखम वरून टिंबाएवढी दिसते, पण पाश्चरेला हे जिवाणू खोलवर जातात आणि एका दिवसात हात सुजू शकतो. साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आपल्या देशात रेबीज आहे, आणि मांजराच्या चावण्यालाही त्याची लस घ्यावी लागते.

डॉक्टरांकडे एक मागणं आहे. वेगळी खोली प्रत्येकाला परवडणार नाही, पण दिवसातला एक तास फक्त मांजरांसाठी ठेवता येईल. त्या तासात कुत्रं नाही, टेबलावर टॉवेल, आणि रक्तदाब मोजण्याआधी मांजराला पाच-दहा मिनिटं नुसतं बसू द्यायचं. ज्या तपासणीची आज निकड नाही ती पुढच्या भेटीवर ढकलायची. निकड असेल तर धरपकडीत वेळ न घालवता भुलीचं इंजेक्शन द्यायचं.

घरी दुसरं मांजर असेल तर परतल्यावरही काम उरतं. दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या मांजराला घरचं मांजर ओळखतच नाही आणि वर्षानुवर्षांच्या सोबत्यावर फिस्कारत धावून जातं. दोघांना लगेच समोरासमोर आणू नका. आलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवा, घरातल्या मांजराच्या अंथरुणावरची चादर त्याच्याजवळ टाका, त्याला अंग चाटून साफ करू द्या. काही तासांनी, लागला तर एका दिवसाने, दार उघडा.