पेटी बंद पडली म्हणजे फोटो गेले?

पनागरहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दुपारी वादळ झालं, लाईट तीन-चार वेळा गेली-आली आणि तेव्हापासून हॉलमधल्या पेटीचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता. "अण्णांची पत्रं त्यातच आहेत गं," मामा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे आजोबा. नोव्हेंबर १९५६ मध्ये नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं आणि अण्णाही कारकुनीची नोकरी घेऊन इकडे आले. त्यांनी नागपूरच्या घरी लिहिलेली पत्रं मामांनी निवृत्तीनंतर एकेक करून स्कॅन केली होती. मूळ कागद पुढे वाळवीनं खाल्ले.

ही पेटी म्हणजे नॅस. घरच्या राउटरला जोडलेला, पोटात दोन-चार हार्ड डिस्क असलेला छोटा संगणकच तो. घरातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं त्यात जमा होतं. अशा बंद पडलेल्या पेट्या मी आता बऱ्याच घरांत पाहिल्या आहेत आणि माझं मत पक्कं झालं आहे. पेटी बिघडली तेव्हा डेटा बहुधा जागेवरच असतो. तो जातो त्यानंतरच्या काही तासांत, कुणाकुणाचं ऐकून आपण जे करतो त्यामुळे.

पहिला गैरसमज मामांच्या तोंडीच होता: पेटी गेली, म्हणजे आतलं गेलं. पेटीत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. भिंतीतल्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा ॲडॉप्टर, मदरबोर्ड आणि डिस्क. फोटो फक्त डिस्कवर असतात. ॲडॉप्टर वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापत असतो. त्यातले कपॅसिटर उतरले की तो पुरेसा जोर देऊ शकत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण डिस्क सुरू व्हायला लागणारा झटका मिळत नाही. म्हणून सगळ्यात आधी तो बदलून पाहावा. व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू तंतोतंत तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. मदरबोर्डही डिस्कला धक्का न लावता मरू शकतो. इंटेलच्या ॲटम सी२००० या प्रोसेसरमध्ये घड्याळाचा ठोका देणारा भाग काही वर्षांनी निकामी होतो, हे २०१७ मध्ये उघड झालं. सिनॉलॉजीच्या काही पेट्यांतही तोच प्रोसेसर होता. अशी पेटी एके दिवशी सुरूच होत नाही आणि डिस्क मात्र धडधाकट असतात.

दुसरा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मामांनी मला फोन करण्याआधी एक डिस्क बाजारातल्या ओळखीच्या दुकानात नेली होती. संगणकाला जोडल्याबरोबर विंडोजनं विचारलं: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? दुकानातला मुलगा म्हणाला, "कर देते हैं अंकल, बाद में रिकवर हो जाएगा." मामी सोबत होत्या. त्यांनी डिस्क उचलून पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, आधी भाचीला विचारू. अण्णांची पत्रं वाचली ती त्या क्षणी.

विंडोजच्या त्या प्रश्नाचा अर्थ 'डिस्क रिकामी आहे' असा नसतो. 'मला ही लिपी वाचता येत नाही' एवढंच विंडोज सांगत असतं. घरगुती नॅस जवळजवळ सगळ्या लिनक्सवर चालतात. डिस्कवर मजकूर मांडण्याची त्यांची पद्धत ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस, विंडोजची एनटीएफएस. मोडी न येणाऱ्यानं मोडीतला दस्त हातात घेऊन कोरा कागद समजावा, तसं ते आहे. 'इनिशियलाइज करा' हा प्रश्नही त्याच जातीचा. दोन्हींना उत्तर एकच: नाही, रद्द. झटपट फॉरमॅट झालाच तरी सगळं पुसलं जातं असं नाही, पण कुठली फाइल कुठे आहे याची वही फाटते. मग फोटो सापडले तरी नावं आणि फोल्डर हरवतात, आणि चाळीस हजार बेनावी फोटो पुन्हा लावायला कुणाला आयुष्य पुरतं?

अशी डिस्क लिनक्स चालणाऱ्या संगणकाला जोडली की बऱ्याचदा वाचता येते. त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं फुकट लिनक्स पुरतं. डिस्क 'फक्त वाचण्यापुरती' जोडायची, तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. पेटीत दोन डिस्कांची जोडी असेल तर एमडीएडीएम हे साधन ती जुळवून देतं.

या जोडीला रेड म्हणतात आणि तिच्याभोवती तिसरा, फार खोल रुजलेला समज आहे: "आमच्याकडे रेड आहे, बॅकअपची गरज नाही." १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती स्वस्त डिस्क एकत्र बांधून वेग आणि विश्वास मिळवण्यासाठी. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढंच तिचं वचन आहे. आरशासारख्या जोडीत तुम्ही एक फोल्डर चुकून पुसलंत तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसनं फाइलींना कुलूप घातलं तर दोन्हीकडे घातलं जातं. वीज पडली, चोरी झाली, तर पेटी एकच असते. जबलपूरकरांना २२ मे १९९७ ची पहाट आठवत असेल. भूकंपानं घरं पाडली तेव्हा एका कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत होती. जून २०२१ मध्ये जगभरातल्या अनेकांच्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या पेट्या इंटरनेटवरून कुणीतरी परस्पर कोऱ्या केल्या. २०१५ नंतर या पेट्यांना कंपनीकडून सुधारणाच मिळालेली नव्हती. जुनी पेटी घरातल्या घरात वापरा, पण तिचं इंटरनेटकडचं दार बंद ठेवा.

रेडमुळे आणखी एक घाई होते. एका डिस्कचा दिवा लाल झाला की माणूस नवी डिस्क आणून 'रिबिल्ड'चं बटण दाबतो. उरलेल्या डिस्क ठणठणीत असतील तर तेच बरोबर आहे. पण त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या आणि तेवढ्याच झिजलेल्या असतात. रिबिल्ड करताना त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. एवढं कष्टाचं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलेलं नसतं. त्या वाटेत दुसरीनं मान टाकली तर तीन-चार डिस्कांची रेड ५ पूर्ण कोसळते. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी बाहेर काढून घ्यावं, रिबिल्ड मग. डिस्क काढताना कुठल्या खणातली कुठली हे लिहून ठेवावं. मागचं रीसेटचं बटण तर दाबूच नये. काही पेट्यांत ते फक्त पासवर्ड पूर्ववत करतं, काहींत जास्त वेळ दाबलं तर सगळी मांडणीच नव्यानं होते.

आता फ्रीजरबद्दल. डिस्क 'टक, टक' असा आवाज करत असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हा सल्ला आजही लोक मोठ्या विश्वासानं देतात. फार जुन्या डिस्कांत वाचणारं डोकं तबकडीला चिकटून बसायचं. गारव्यानं धातू आकसून ते कधीमधी सुटायचंही. आजच्या डिस्कमध्ये ते डोकं फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं आणि माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कमध्ये दमट हवेतलं पाणी जमतं. त्या उंचीवर एक थेंब म्हणजे डोंगर. तेच घरी झाकण उघडण्याबद्दल. टकटक ऐकू आली की वीज बंद करावी आणि पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात बिघडलेलं डोकं तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडण्याची शक्यता असते आणि खरवडलेली धूळ कुठल्याच प्रयोगशाळेत परत फोटो होत नाही.

उलट तबकडी शाबूत असेल तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं. कल्पना चावला त्यातच गेल्या. त्या यानातली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्ससमधल्या कोरड्या तलावात सापडली. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं, आत धूळ. ती क्रोल ऑनट्रॅक या कंपनीकडे दिली. त्यांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे ते आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे काम धूळविरहित खोलीत, जाणत्या हातांनी झालं. आकाशातून पडलेली डिस्क अशी वाचू शकते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्क्रूड्रायव्हरनं उघडलेली नाही.

डिस्कखालचं हिरवं सर्किट बदललं की काम होतं, असंही सांगतात. पूर्वी व्हायचं. आता प्रत्येक डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये फक्त त्याच डिस्कचं मोजमाप लिहिलेलं असतं. ती चिप हलवल्याशिवाय तशाच मॉडेलचं दुसरं सर्किट बसवून सहसा उपयोग होत नाही.

"स्मार्टमध्ये सगळं हिरवं दिसत होतं" हे वाक्यही मी पुष्कळदा ऐकते. स्मार्ट म्हणजे डिस्कनं स्वतःच स्वतःच्या तब्येतीचा दिलेला अहवाल. गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता. इशारा आला तर ऐकावा. न आल्यानं निर्धास्त होऊ नये.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर खोटं नसतं, पण ते मूळ डिस्कवर चालवणं चूक. आधी तेवढ्याच किंवा मोठ्या कोऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढायची. डीडीरेस्क्यू हे फुकट साधन त्यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी शेवटी परत जातं. मग सगळे प्रयोग प्रतीवर. सापडलेल्या फाइली पुन्हा त्याच डिस्कवर साठवू नयेत. डिस्क आवाज करत असेल तर हेही घरी नको, सरळ प्रयोगशाळा. तिथे देताना आधी तपासणी, मग लेखी अंदाज आणि डेटा न मिळाल्यास किती पैसे, हे तिन्ही विचारून घ्यावं. पेटीला पासवर्डचं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन लावलेलं असेल आणि किल्ली हरवली असेल, तर मात्र कुणीही काही करू शकत नाही. ती किल्ली कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जबलपूरहून कटनीच्या रस्त्यानं पनागरला गेले. पंधरा-सोळा किलोमीटर. त्याच व्होल्टचा दुसरा ॲडॉप्टर लावून पाहिला, दिवा लुकलुकतच राहिला. डिस्क बाहेर काढल्या, खुणेसाठी लेबल सापडेना. मामींनी टिकल्यांचं पाकीट आणलं. डाव्या खणातलीला एक टिकली, उजवीकडचीला दोन. डिस्कवर हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते तेवढं झाकू नका म्हटलं. एक टिकलीवाली डिस्क लॅपटॉपला जोडली, लिनक्स सुरू केलं, वाचण्यापुरती उघडली. 'अण्णा' नावाचं फोल्डर दिसलं. मदरबोर्ड गेला होता, बाकी काही नाही.

प्रत पूर्ण व्हायला संध्याकाळ झाली. मामा एकेक पत्र उघडून तारखा ताडून पाहत होते. आता एक प्रत पनागरला आहे, एक माझ्याकडे आणि एक नागपूरला मावशीच्या कपाटात. ती दर दिवाळीला बदलायची असं ठरलं आहे. जुन्या डिस्कांवर टिकल्या अजून तशाच आहेत.