जुरा आणि आपलं वऱ्हाड

रोहिणखेडच्या जुन्या दगडी मशिदीसमोर उभं राहिलं की वऱ्हाडाचे किती धनी झाले ते आठवतं. निजामशाही, मोगल, निजाम, इंग्रज. बोली मात्र अजून ‘काहून?’ असंच विचारते!

स्वित्झर्लंडमधला फ्रेंचभाषक जुरा १८१५मध्ये असाच न विचारता जर्मनभाषक बर्नला जोडला गेला. १९७४मध्ये तिथं सार्वमत झालं आणि १९७९पासून जुरा वेगळा कँटन, म्हणजे स्विस राज्य, झाला.

आपल्याकडे राज्यांच्या पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगानं १९५५मध्ये वऱ्हाडासह विदर्भ राज्याची शिफारस केली. १९५६मध्ये मात्र आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६०मध्ये महाराष्ट्रात. सार्वमत कधी झालंच नाही, याची मला खरंच खंत वाटते. तिकडे मात्र बर्नमध्येच राहिलेल्या मूतिए या छोट्या शहराला २०२१मध्ये पुन्हा विचारलं गेलं. १ जानेवारी २०२६ला ते जुरात आलं.