दुखण्यालाही सोबत लागते

शेंदूरजनाघाटच्या संत्रा रोपवाटिकांत दिवस उकिडवे बसूनच उगवतो. जंबेरीच्या खुंटाला चाकूने चीर द्यायची, तीत संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची आणि पुढच्या रोपाकडे सरकायचे. सारे काम जमिनीलगतचे. वर्षानुवर्षे वाकलेली कंबर मग एखाद्या दिवशी हिशेब मागते.

माझ्या ओळखीच्या एका कारागिराच्या कमरेने तो मागितला. मणक्यातली चकती सरकली, पायाकडे जाणारी नस दबली. कमरेपासून घोट्यापर्यंत वीज उतरावी तशी कळ. डॉक्टर म्हणाले, सायटिका. पुष्कळांचे हे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. याचे ओसरले नाही. औषधे झाली, व्यायाम झाला. कळ कमी झाली, पण मुक्कामाला राहिली. नसेचे दुखणे दिसत नाही. ना जखम, ना सूज. त्यामुळे विचारपूस करणारेही हळूहळू कमी होतात. माणूस खाटेला लागतो तो निम्मा कळेने आणि निम्मा या एकटेपणाने.

अशा वेळी बाबा आमटे आठवतात. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणाऱ्या या माणसाच्या पाठीचे मणके झिजले होते. त्यांना बसता येत नसे. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. तरी डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’साठी काश्मीरकडे निघाले. तरुण मुले-मुली सायकलींवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर! कुष्ठरोगात नसा मरतात, वेदना कळेनाशी होते. ज्यांना वेदनाच कळत नव्हती, त्यांच्यात हा वेदनेने पिळलेला माणूस रमला. साधनाताईंची साथ तर जन्माची. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. तोवर पाठीने त्यांना सोडले नाही आणि त्यांनी कामाला.

आपण कुणी बाबा नव्हे, हे खरे. पण सोबत आपल्यालाही मिळू शकते. त्या कारागिराकडे एका सकाळी जुना जोडीदार आला. म्हणाला, ‘‘काऊन गा, घरी पडून दुखत नाही का? मंग तिथं येऊन दुखू दे!’’

तो गेला. उकिडवे बसणे संपले होते. पण उभ्याने डोळकाडी निवडता येत होती, नव्या पोरांचा चुकलेला हात दाखवता येत होता. थकला की बाजेवर आडवा होई. कुणी त्याची कीव केली नाही, कुणी घाईही केली नाही. कळ आजही आहे. पण दिवसभर तिच्याकडेच पाहत बसायला त्याला आता सवड नाही.

सोबत म्हणजे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी मात्र आपल्या आळीत असे कुणी खाटेवर असेल, तर ‘‘बरे वाटते का?’’ एवढेच विचारून परतू नका. ‘‘उद्या येशील ना?’’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे बहुधा उत्तर नसते. दुसऱ्यासाठी तो सकाळी उठून बसेल.