कोरड्या पायांचा पुरावा

स्थिर पाण्यात पडलेला शाईचा थेंब सावकाश पसरतो. प्रत्येक कण मागचे पाऊल विसरून पुढचे टाकतो, त्यामुळे १०० पावलांनंतर तो मूळ जागेपासून साधारण १० पावलेच दूर असतो. वेळ चौपट दिला तरी अंतर दुप्पटच. या दिशाहीन चालीला 'रँडम वॉक' हे नाव १९०५ साली कार्ल पिअरसन यांनी दिले.

आता पावलांच्या लांबीवरचे बंधन काढा. बहुतेक पावले आखूड, पण मधूनच एखादी प्रचंड झेप. आणि झेप कितीही मोठी असो, तिच्या दुप्पट झेपेची शक्यता ठरावीक पटीनेच घटते. मग एकच झेप आधीच्या शेकडो पावलांना भारी पडते आणि पसारा शाईपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. फ्रेंच गणिती पॉल लेव्ही यांच्या नावावरून याला 'लेव्ही उड्डाण' म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या चलनी नोटांच्या प्रवासातही अशा झेपा आढळल्या. नोटा माणसांच्या खिशातूनच फिरतात, म्हणून साथीच्या अभ्यासकांना त्यात रस!

मला मात्र यातली आल्बट्रॉसची कथा सर्वांत मोलाची वाटते. दक्षिण अटलांटिकमधल्या बर्ड बेटावर काही पक्ष्यांच्या पायांना यंत्रे बांधली होती. यंत्राला एवढेच कळे, की पाय ओला आहे की कोरडा. ओला म्हणजे पक्षी पाण्यावर उतरलेला, कोरडा म्हणजे हवेत. कोरड्या काळांचा आलेख काढला, तर त्यात लेव्ही उड्डाण दिसले. १९९६ साली 'नेचर'ने तो निबंध छापला. विरळ विखुरलेले अन्न शोधायला हीच चाल उत्तम, असा सिद्धान्तही तीन वर्षांत आला. पुढे भुंगे आणि हरणांतही ती सापडल्याचे सांगितले गेले.

२००७ मध्ये मूळ लेखकांपैकी काही जण सोबत असलेल्या गटाने त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. सर्वांत लांब 'उड्डाणे' नेमकी सफरीच्या आरंभीची आणि अखेरची निघाली. त्या तासांत पक्षी बेटावरच बसून होता. पाय कोरडे, पंख मिटलेले. ते तास वगळताच लेव्ही उड्डाण नाहीसे झाले. भुंगे-हरणांचा दावाही टिकला नाही.

या प्रतिमानाची सारी मदार दुर्मीळ झेपांवर असते, म्हणून मोजक्या सदोष नोंदीही निकाल फिरवतात. असा आलेख समोर आला, की मी आधी त्याचे उजवे टोक पाहतो: तिथे ठिपके किती, आणि ते आले कुठून?

२०१२ मध्ये अधिक नेमक्या नोंदी हाती आल्या. काही आल्बट्रॉसांच्या भटकंतीत लेव्हीची चाल पुन्हा दिसली, सगळ्यांच्या नाही.