लोकल, एसटी, लोकल: मुंबईहून पुण्याला

मुंबई ते पुणे हे अंतर लोहमार्गाने १९२ किलोमीटर आहे. ते कमी पैशांत आणि आरक्षणाशिवाय कापायचे तर प्रवासाचे तीन तुकडे पडतात: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून खोपोलीपर्यंत उपनगरी लोकल, खोपोलीहून घाट चढून लोणावळ्यापर्यंत एसटी आणि तिथून पुण्यापर्यंत पुन्हा लोकल. शिवनेरी बसच्या एका तिकिटाच्या पैशांत दोघे जण या वाटेने पुण्याला पोचतात आणि चहा-वड्यालाही पैसे उरतात. एक्स्प्रेसच्या दुसऱ्या वर्गाशी तुलना केली तर बचत फारशी नाही, आणि वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. तरीही आयुष्यात एकदा तरी ही वाट धरावी, कारण मुंबईहून पुण्याला निघालेले आगगाडीचे पहिले प्रवासी नेमके असेच गेले होते.

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांत जी.आय.पी. रेल्वेचे रूळ खोपोलीपर्यंत, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचले. घाटमाथ्यावरचा खंडाळा-पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट मात्र अजून फोडायचा होता. त्यामुळे १८६३ पर्यंत प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडत. आज पालखीच्या जागी एसटी आली आहे आणि दुसरी गाडी खंडाळ्याऐवजी लोणावळ्याहून सुटते. बाकी आखणी तीच आहे.

पहिला टप्पा सुमारे ११५ किलोमीटरचा असून त्याला अडीच तासांच्या आसपास लागतात. थेट खोपोली लोकल दिवसातून थोड्याच असतात. ती नाही मिळाली तर कर्जत लोकलने जाऊन कर्जतला खोपोलीची गाडी धरावी लागते. सकाळी गर्दीचा लोंढा मुंबईकडे येत असतो, म्हणून उलट दिशेने निघालेल्यांना खिडकीची जागा मिळते. तीन जणांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागणारे मात्र कल्याणपर्यंत भेटतातच. कल्याणला कसाऱ्याची वाट डावीकडे फुटते. पुढे अंबरनाथ लागते. तिथले शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर शिलालेखातील शके ९८२ या वर्षामुळे १०६० सालचे मानले जाते. बदलापूर सोडल्यावर इमारती विरळ होतात आणि नेरळपासून डाव्या-उजव्या बाजूंना डोंगर जवळ येऊ लागतात.

कर्जत स्टेशनचा बटाटेवडा महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि त्याच्या कीर्तीला घाटाचा हातभार आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. त्यासाठी गाडी थांबते आणि तेवढ्यात फलाटावर वडा विकला जातो. लोकलच्या प्रवाशाला ही घाई नसते, त्याने उतरून सावकाश खावे. कर्जतनंतर पळसदरीला मार्ग दुभंगतो. मुख्य मार्ग घाटात शिरतो, तर एकेरी रुळांचा फाटा केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला संपतो. १८५६ चा मार्ग तो हाच.

खोपोलीत हातात तासभर असेल तर गावात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे नाना फडणविसांनी बांधवलेले तळे आणि महादेवाचे मंदिर. घाट चढण्याआधी वाटसरूंचा मुक्काम इथे पडे. दुसरी म्हणजे टाटांचे जलविद्युत केंद्र. लोणावळ्याच्या बाजूला साठवलेले पावसाचे पाणी मोठ्या नळांतून खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली गेली. ज्या कड्याने रेल्वेला इतकी वर्षे अडवले, त्याच कड्याच्या उंचीवर मुंबईची यंत्रे फिरली.

घाटाचा टप्पा जेमतेम पंधरा किलोमीटरचा, पण सर्वांत भरगच्च. इथे चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना झाला. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जात असल्याने ते फारसे होत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, म्हणजे दोन मैत्रिणी निघाल्या तर दोघींना मिळून एकच पूर्ण तिकीट पडते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. एसटीला वेळ असेल तर स्टँडाबाहेर वडाप मिळते. एकट्याला ते भरेपर्यंत ताटकळावे लागते, दोघे असले की दोन सीटा एकदम भरतात.

वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा हा धनगर होता आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदाचा आधार असो वा नसो, वाहनचालक आजही इथे नाणे टाकून पुढे जातात. इंग्रज अभियंत्यांची नावे पुस्तकांत राहिली आणि वाट जाणणाऱ्याचे नाव लोकांनी देवळात जपले, हे मोलाचे आहे. आणखी वर अमृतांजन पूल होता. माल्कमच्या काळातला हा पूल द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडथळा ठरू लागला आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पाडण्यात आला.

रेल्वेचा घाट याच डोंगरात, पण वेगळ्या वाटेने चढतो. त्याची कथा सांगितल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गाला सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचे होते. चढ जास्तीत जास्त सदतिसास एक, आणि बोगदे पंचवीस. मजुरी मिळेना म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला आणि पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. जाणकार अभियंते नेमून तिने काम तडीस नेले. १८६१ च्या सुरुवातीला बेचाळीस हजारांहून अधिक माणसे या कड्यावर राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली हजारो गेली. त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत, आणि मुंबई-पुणे प्रवासाच्या गौरवगाथांत ही गोष्ट सहसा गाळली जाते. ती गाळू नये.

लोणावळ्याला पोचल्यावर वेळापत्रक पाहणे भाग असते. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली. ६४ किलोमीटरला सव्वा ते दीड तास लागतो. सकाळ-संध्याकाळ गाड्या बऱ्या असल्या तरी दुपारी फेऱ्या अगदी विरळ होतात. ही पोकळी स्टेशनच्या बाकावर घालवण्यापेक्षा जुन्या महामार्गाने कार्ला फाट्याला उतरावे आणि मळवली स्टेशन ओलांडून भाज्याच्या लेण्यांपर्यंत चालत जावे. वाट सपाट आहे, शेवटी तेवढ्या पायऱ्या.

भाज्याला बावीस लेणी आहेत. मुख्य चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याच्या छताला मूळच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत, आणि दोन हजार वर्षांहून जुने लाकूड जागच्या जागी पाहण्याचा योग फार ठिकाणी येत नाही. शेजारी चौदा स्तूपांचा समूह आहे. समोर कार्ल्याच्या डोंगरात देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे, पण एका दुपारी दोन्ही उरकण्याची घाई करू नये. ही लेणी जुन्या व्यापारी वाटेवर खोदली गेली. कोकणातल्या बंदरांतून निघालेला माल सह्याद्री चढून याच मावळातून पुढे जाई. म्हणजे लोकलने जाणारा प्रवासी रेल्वेहूनच नव्हे, तर मराठी भाषेहूनही जुन्या वाटेवर चालत असतो.

मळवलीहून संध्याकाळची लोकल धरली की कामशेत, कान्हे, मग वडगाव. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रज फौजेला इथे कोंडीत पकडून तह करायला लावला होता. तळेगाव, देहूरोड मागे पडतात, आकुर्डीपासून कारखाने आणि वस्ती सुरू होते. पेठांकडे जायचे असेल तर पुणे स्टेशनपर्यंत न जाता शिवाजीनगरला उतरावे, तिथून बस आणि मेट्रो दोन्ही जवळ आहेत.

असा दिवस सकाळी लवकर सुरू होऊन संध्याकाळी संपतो. म्हणून परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवावा आणि तो एक्स्प्रेसच्या दुसऱ्या वर्गाने करावा. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन आणि सिंहगड एक्स्प्रेस दोन्ही पुण्याहून सकाळी निघतात, त्यामुळे रेल्वेचा घाट उजेडात दिसतो. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवण्यासाठी चढत्या रुळांच्या कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत, त्याही खिडकीतून दिसतात. घाटात पूर्वी गाडीची दिशा बदलावी लागणारे एक स्टेशन होते. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि ते बंद झाले.

रविवारी उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक असतो आणि भर पावसात दरड कोसळून घाट बंद पडू शकतो. तेव्हा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा एखादा कामाचा वार पाहावा, एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्यावे, जाताना खोपोलीची लोकल धरावी आणि येताना घाटातली गाडी. परतीचे आरक्षण तेवढे आधी करून ठेवावे.