सिनेमातलं व्याकरण, गाईडातला सिनेमा

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र गेले, ‘चुपके चुपके’च्या पन्नाशीच्याच वर्षात. त्यातला त्यांचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून येतो आणि ‘टू’, ‘डू’ म्हणायचं तर ‘गो’चा उच्चार निराळा का, असं विचारून ओम प्रकाशला जेरीस आणतो. इंग्रजीच्या तासाला धास्तावणारी वाशिमकडची पोरंही या प्रसंगाला खळखळून हसत. प्रश्न त्यांच्याच मनातला होता.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे; २००० साली ते पहिलीत आलं. नव्वदच्या दशकाआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तर्खडकरी भाषांतर, काळांचे तक्ते, पाठांतर.

रेंगाळावं ते नव्वदच्या दशकात. या भागात रिसोड, कारंजा, मंगरुळपीर इथे केबल पोहोचली. हॉलिवूडही आलं; पण १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ इकडे हिंदी बोलत आला. कानावर इंग्रजी पडायचं ते हिंदी सिनेमातूनच. ‘नमक हलाल’मधला (१९८२) अमिताभ ऐटीत सांगतो, की आपण इंग्रजी बोलू शकतो, इंग्रजी चालू शकतो, इंग्रजी हसूही शकतो. ‘टॉक’पुढे ‘इंग्लिश’ खपतं, मग ‘वॉक’पुढे का नाही? एवढं विचारलं असतं तरी सकर्मक-अकर्मक क्रियापदांवर अख्खा वर्ग बोलता झाला असता. सिनेमाने पोरं बिघडतात, असं बजावणाऱ्या गुरुजनांनी ती संधी दवडली. ज्या पोट्ट्यांच्या घरात इंग्रजीचा शब्द नव्हता, नुकसान त्यांचं झालं.

पुढे शाळेसाठीचा पडदाही गेला. दूरदर्शनसाठी शालेय कार्यक्रम करणारी, १९८४ पासूनची पुण्याची बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

मधल्या काळात, २०१२ साली, ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. श्रीदेवीची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या वर्गात विचारते, की ‘युनायटेड स्टेट्स’आधी ‘द’ लागतो, तर ‘इंडिया’आधी का नाही? उत्तर सोपं आहे: देशाच्या नावात ‘स्टेट्स’, ‘किंगडम’ असं सामान्यनाम आलं की ‘द’ लागतो. पुण्याच्या गृहिणीने विचारल्यावर हा नियम विसरणं कठीण.

आता बारावीच्या इंग्रजीत चित्रपट परीक्षणाचा प्रश्न आहे. सिनेमा अखेर परीक्षेत आला, याचा खरं तर आनंद व्हावा. परीक्षणात कथा साध्या वर्तमानकाळात सांगतात; ‘सैराट’मधल्या आर्ची-परश्याची गोष्ट तशी लिहायला लावली, तर त्या काळाचा सगळा सराव तिथेच होतो. पण गाईडात उत्तर तयार असतं: कथा हृदयस्पर्शी, संगीत मधुर, अभिनय उत्तम. वर नावापुरती जागा मोकळी. तिथे ‘सैराट’ लिहा नाहीतर ‘शोले’, खालचं एक क्रियापदही बदलावं लागत नाही.