वनहक्क कायदा: जमीन कसली, पण पुरावा कुठून आणायचा?



नागरिकशास्त्र शिकवताना वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "एखादी जमीन तुमच्या आजोबांनी कसली, वडिलांनी कसली, पण सातबारा नाही. मग ती कुणाची?" अर्धी मुलं म्हणतील सरकारची, अर्धी म्हणतील कसणाऱ्याची. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या काही मुलांसाठी हा पुस्तकातला प्रश्न नाही, घरातला आहे.

कायदा कशासाठी आला?

इंग्रजांच्या काळात जंगलं सरकारी झाली. 1927 चा भारतीय वन कायदा त्यातलाच. पण आत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांच्या हक्काची नीट नोंदच झाली नाही. स्वतःच्याच गावात ते अतिक्रमणदार ठरले. 2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच हा ऐतिहासिक अन्याय असल्याचं मान्य केलं आहे. इतर देशांतही असं घडलंय. ऑस्ट्रेलियात 1992 साली एडी माबो यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा जमिनीवरचा पूर्वापार हक्क मान्य केला आणि 1993 साली तसा कायदा झाला.

काय मिळतं?

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असाल, तर जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. शिवाय गावाला सामूहिक हक्कही मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. पुढे तिथला बांबू ग्रामसभेनेच विकला.

आपल्याकडे एक गैरसमज आहे. वाशिम जिल्ह्यात पेसा नाही, म्हणून वनहक्कही नाही, असं लोक समजतात. तसं नाही. पेसा फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो, वनहक्क कायद्याला ती अट नाही. मात्र जमीन वनजमीन आहे का, हे आधी तपासा. महसुली गायरान वेगळं.

खरी अडचण

समजा, एकाच जंगलाच्या कडेला दोन शेजारी आहेत. एक आंध, दुसरा बंजारा. आंध अनुसूचित जमातीत येतात. त्यांना 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत आहे, अनुसूचित जमातीत नाही. म्हणून तो 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो. त्याला ताब्याबरोबरच तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. हिशोब करा, 1930 पर्यंत मागे जावं लागतं! तांड्यावरच्या निरक्षर पणजोबाचा त्या काळचा कागद कुठून आणायचा? कष्ट सारखेच, पण पुराव्याचं ओझं वेगळं.

यावर नियमांत वाट आहे. फक्त सरकारी कागदच लागतो असं नाही. गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब चालतो (तो माणूस स्वतः दावेदार नको). जुनी विहीर, देवस्थान, स्मशान, वंशावळ हेही पुरावे धरले जातात. मात्र एकापेक्षा जास्त पुरावे जोडावे लागतात.

आपण काय करू शकतो?

आपल्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर! आजोबांचं नाव, गाव, जात, जन्मतारीख त्यात सापडू शकते. त्याने हक्क सिद्ध होत नाही, पण कुटुंब या गावात किती जुनं आहे, हे सांगायला मदत होते. म्हणून ती रजिस्टरं वाळवीपासून जपा आणि कुणी उतारा मागायला आलं तर हेलपाटे घालायला लावू नका.

पालकांनो, दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. तिथे महिलांची किमान एक तृतीयांश हजेरी लागते, तेव्हा घरातल्या बाईलाही सोबत न्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

पट्टा मिळाला म्हणजे गरिबी लगेच संपत नाही. पाणी, बियाणं, शिक्षण लागतंच. पण हटवलं जाण्याची भीती गेली, तर माणूस बांध घालतो, झाड लावतो.

मुलांना या आठवड्यात एक गृहपाठ द्या. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारून तीन पिढ्यांची वंशावळ आणि गावातल्या जुन्या खुणा लिहून आणा. आज तो गृहपाठ आहे, उद्या कदाचित एखाद्या घराचा पुरावा असेल.